गप्प बसायची पाळी

उद्यमबागेत सकाळी साडेसातला
फाउंड्रीची भट्टी अजून जांभया देत असते
तेव्हा शटर अर्धं वर करून
मी लॅपटॉपची केबल लावते गाडीच्या पोटात.
गाडी सावंतवाडीच्या गृहस्थांची. काल संध्याकाळी
त्यांनी आत डोकावून विचारलं, "मिस्त्री कुठायत?"
रुद्राप्पानं हातातल्या पान्यानंच माझ्याकडं दाखवलं.

चार सिलिंडर, टर्बो, आणि कॅम असला हट्टी
की फेरे खाली आले की त्याचा श्वास चुकतो.
म्हणून थ्रॉटलची पाकळी जराशी उघडी ठेवलीय.
त्या फटीतून वारं शिरतं,
आणि इंजिन उभ्या जागी सतराशेनं फिरतं,
कुठंच जायचं नसताना.
गृहस्थांना हवेत साडेनऊशे.
"पण आवाज पाहिजे हं," असंही.

स्पार्क मागं ओढून बघितला.
मॅनिफोल्ड जास्वंदीसारखा लाल. सोडून दिलं.

मग उरतं एकच: एकेकाचं तोंड बंद करणं.

शिकत होते तेव्हा मी तीन नंबरचाच स्पार्क तोडायची.
फेरे उतरले, मी खूश.
पंधरवड्यानं प्लग काढला तर काळा, ओला,
भिजल्या काडीसारखा;
आणि अख्खी गाडी एका कुशीवर थरथरत होती.
घरात मीही तीन नंबरची.
ते जाऊ दे.

आता हिशेब वेगळा. पेट्रोलच तोडायचं,
आणि दर पाचवा घास चुकवायचा.
चुली चार, मोजणी पाचाची,
त्यामुळं उपास एकाच्याच वाट्याला येत नाही.
आधी एक, मग तीन, चार, दोन.
पेटायची जी रांग, तीच गप्प बसायची.

सतराशे. चौदाशे. अकराशे चाळीस.
मग एकदम सातशे, आणि बंद.
मी मराठीत शिवी घातली.
रुद्राप्पा बॉनेटवर वाकून कन्नडात समजावत होता,
"सुम्नीर, स्वल्प सुम्नीर."
इंजिन दोघांचंही ऐकत नाही,
तक्त्यातल्या आकड्यांचं ऐकतं.
मी एक ओळ वाढवली:
नऊशेच्या खाली कुणालाच अडवायचं नाही.

ढब ढब ढब ढब
    ढब ढब ढब ढब
मधल्या त्या रिकाम्या जागेत
टेबलावरचे नट किणकिणतात.
नऊशे साठ. नऊशे तीस. नऊशे पन्नास.

अप्पा डबा द्यायला आले.
तीस वर्षं मोल्डिंगला होते, डावा कान गेलेला.
त्यांनी तळवा टेकला फेंडरवर, डोळे मिटले.
"लंगडूलालंय की गं हे."
"लंगडत नाही अप्पा. पाळीपाळीनं एकेक बसूलालाय."
ते बराच वेळ हात काढेनात.
"आमचा मुकादम असंच सोडायचा," म्हणाले,
"ओतकाम न थांबवता, एकेकाला, पाणी प्यायला.
एकालाच सारखं सोडलं असतं
तर बाकीच्यांनी त्याला भट्टीत घातलं असतं."
आणि स्वतःच हसले. डब्यात आज काय, ते सांगायचं राहिलं.

अकराला गृहस्थ आले. आवाज ऐकून
चेहरा फुलला, बोटानं ताल धरला.
"कसं काय जमवलंत हो?"
विचारलं अर्थात रुद्राप्पालाच.
रुद्राप्पा काजळीचे हात पुसत राहिला,
एक पूर्ण फेरा, दोन फेरे.
मग म्हणाला, "अक्का हेळ्तारे."

मी लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला,
आणि आंबोलीच्या उतारावर पाय काढल्यावर
काय होईल, तिथून सुरुवात केली.